पाया पडणारा मामा

व्हिएन्नाच्या विमानतळावर सामानाची ट्रॉली सोडून दुर्गाप्रसाद रहांगडालेंनी पहिलं काम काय केलं असेल, तर भाचीच्या पाया पडले. रविता दोन्ही हात पसरून मिठी मारायला धावत आली होती. मामा मध्येच वाकले आणि तिचे हात तसेच हवेत राहिले. मागून येणाऱ्या एका गोऱ्या बाईला वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली. ती बिचारी पर्स टाकून सावरायला धावली. तोवर मामा उठून उभे. दोन्ही हात कपाळाला लावून म्हणाले, "पाय लागतो बाई. खुशाल आहे ना?"

आता पुण्या-साताऱ्याकडचं कोणी हे वाचत असेल तर म्हणेल, हे काय उलटंच! भाचीने मामाच्या पाया पडायचं की मामाने भाचीच्या? अहो, उलटं तुमच्याकडे असेल. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे भाचा म्हणजे देव आणि भाची म्हणजे देवी. ती पाळण्यात दूध ओकत असो की डोक्याला मेंदी लावत असो, मामाने वाकायचं म्हणजे वाकायचं. तिच्याकडून पाय चेपून घेणं सोडाच, तिने मामाचं उष्टं ताट उचललं तरी मामाच्या पुण्याला गळती लागली. चुकून तिचा हात मामाच्या पायाला लागलाच, तर मामाने कान धरून माफी मागायची. आमच्या पोवार समाजाचे पुरखे माळव्यातून, धारेकडून इकडे आले तेव्हा तलवारी घेऊन आले म्हणतात. तलवारी कुठे गेल्या कोण जाणे, पण या मुलखातला हा नेम त्यांनी असा काही उचलला की विचारू नका.

तरी बाकीचे मामा जरा सोयीने घेतात. भाचा मोटरसायकलवरून गेला की पानाच्या टपरीवरूनच हात वर करून 'पाय लागू' म्हणतात आणि पुन्हा तंबाखू-सुपारीचा खर्रा मळायला लागतात. दुर्गाप्रसादांकडे ती सवलत नव्हती. सडक अर्जुनीच्या बाजाराच्या दिवशी, ट्रक-टेम्पोच्या गर्दीत, सायकल स्टँडवर लावून, चपला काढून, शाळेच्या गणवेशातल्या रविताच्या पाया पडताना त्यांना अख्ख्या तालुक्याने पाहिलेलं आहे. पोरगी लाजेने लाल व्हायची. मैत्रिणी खिदळायच्या. मामांना त्याचं काही नाही. त्यांचे डोळे तिच्या पायांवर असायचे.

रविता त्यांच्या बहिणीची, नंदाबाईची मुलगी. नंदाबाई तापाने गेली तेव्हा पोर इतकी लहान होती की आई कुठे गेली हेही तिला नीट कळलं नाही. बापाने वर्ष पालटायच्या आत दुसरं घर केलं. दुर्गाप्रसाद कोणाशी एक शब्द न भांडता गेले, पोरीला सायकलच्या दांड्यावर बसवलं आणि आपल्या गावी, कोसमटोल्याला घेऊन आले. स्वतःला मूलबाळ नव्हतं. घरी पोचल्यावर त्यांनी तिला पाटावर उभं केलं, तांब्याने तिचे धुळीचे पाय धुतले, ते पाणी डोळ्यांना लावलं आणि बायकोला, रुक्माबाईंना, म्हणाले, "पाह्य व, लक्ष्मी आली घरी."

तेव्हापासून लक्ष्मीला कोणी रागावलं असेल तर शपथ. म्हणजे रुक्मामामी रागवायच्या, चांगल्या सणसणीत. मामी कुठे मामा असते! एकदा रविताने शेजाऱ्याच्या शेळ्या खेळता खेळता धानाच्या पऱ्ह्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात सोडल्या. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या तोंडावर हिरवंगार पऱ्हं शेळ्यांनी साफ केलं. दुसऱ्या कोणाचं पोर असतं तर चामडी लोळवली असती. दुर्गाप्रसाद तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले, "बाई, असं नोको करत जाऊ. तुझ्या पाया पडतो." आणि खरंच पडले. मामींनी मात्र तिथेच दोन धपाटे घातले. आणि गंमत बघा, त्या रात्री पोर झोपली ती धपाटे घालणारीच्या कुशीत. मामांच्या हे लक्षातही आलं नाही.

ही लक्ष्मी शिकली, नर्स झाली, नागपूरच्या दवाखान्यात राबली, तिथून जर्मन भाषेचा क्लास लावून थेट व्हिएन्नाला जाऊन पोचली. तिथे म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात नोकरी. नवरा लोकेंद्र बिसेन, आमगावकडचा, कॉम्प्युटरवाला, स्वभावाने गाय. पोरीचं सगळं मार्गी लागलं. एकच हट्ट उरला होता, मामा-मामींना आपलं शहर दाखवायचं.

मामा येतात होय! "भाचीच्या घरचं अन्न खाऊ? तिच्या पैशानं विमानात बसू? मले वर तोंड दाखवायचं आहे." किती तरी वर्षं हेच उत्तर. शेवटी रविताने ब्रह्मास्त्र काढलं. फोनवर म्हणाली, "मामाजी, मी देवी आहे ना? मग देवीचा हुकूम आहे, या." आपल्याच नेमात आपण असे कोंडीत सापडू हे मामांच्या ध्यानी-मनी नव्हतं. मग तेही पोवाराचेच. हुकूम पाळला, पण पेटीत घरचा चिन्नोर तांदूळ, तुरीची डाळ, तिखट, हळद आणि मीठसुद्धा घेऊन निघाले. भाचीच्या चुलीवर शिजलं तरी अन्न आपलं. रुक्मामामी म्हणाल्या, "तुमी तुमचं मीठ चाटा. मी तर तिच्या घरचं पोटभर खाईन. मले कोनी मामा म्हनत नाई."

मामांच्या पायात मात्र नवे बूट होते. गोंदियाच्या बाजारातून घेतलेले, काळे, चकाचक, तळ कडक. जन्मभर बांधावर अनवाणी आणि फार तर रबराच्या चपलेत वावरलेला पाय. त्यात काही वर्षांपासून शुगर. डॉक्टरने बजावलं होतं, शुगरवाल्याने पायाला डोळ्यासारखं जपावं. मामांनी मान डोलावली होती. माणूस डॉक्टरपुढे मान डोलावतोच.

फिरणं सुरू झालं ते म्युझियमांनी. रविताला वाटलं, मामांना जुन्या गोष्टींची आवड, यांना हेच दाखवावं. मामांना वाटलं, भाचीची इच्छा, नाही कसं म्हणायचं? ती विचारायची, "थकलात का मामाजी?" ते म्हणायचे, "छे! मस्त वाटून राहिलं." ती खूश होऊन आणखी एक दालन दाखवायची. दोघं एकमेकांच्या सुखासाठी असे मैलभर चालले की पाहणाऱ्याला कीव यावी.

पहिल्या दिवशी जनावरांचं म्युझियम. छताला भिडणारा हाडांचा सांगाडा पाहून रुक्मामामींनी तोंडावर हात ठेवला, "बाप्पा! याले खायले कोन घालत होतं?" दुसऱ्या दिवशी हत्यारांचं. लोखंडी कपड्यातले सरदार रांगेने उभे, घोड्यांनाही लोखंडाच्या झुली. मामा तिथे जरा ताठ झाले. पुरख्यांच्या तलवारी आठवल्या. एका चिलखताला खालून वर न्याहाळून लोकेंद्रला म्हणाले, "जवाईबापू, हे घालून चिखलात रोवनी होते का?"

"नाही जमणार मामाजी."

"म्हनूनच यायनं काचेत ठेवून देल्लं." मामांचा निकाल झाला. लोकेंद्र हसला, रविता हसली, पलीकडचे पाहुणेही कारण न कळता हसले.

त्याच संध्याकाळी घरी आल्यावर मामांनी न्हाणीघरात बूट काढला आणि पाहतात तर मोजा लाल. अंगठ्याच्या बाजूला फोड येऊन फुटला होता, कातडी लोळागोळा झाली होती आणि गंमत म्हणजे दुखत काहीच नव्हतं. शुगरवाल्या पायाची हीच तर दगाबाजी. बूट चावतो आणि पाय सांगत नाही. गावचा श्यामलाल त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यालाही अशीच काट्याची जखम झाली होती, आज पाहू उद्या पाहू करत राहिला आणि नागपूरला घोट्याच्या वर पाय कापावा लागला. आता तो घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतो.

मामांनी बायकोला हाक मारली. मामींनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला, "आता सांगा तिले. घरात नर्स आहे अन् तुमी काऊन लपवून राहिले?"

"नर्स नाई, भाची आहे. ती पायाले हात लावल. माझा परलोक बुडल."

"अन् पाय गेला तर?"

"गोंदियाले गेल्यावर दाखवतो. तू सांगशील तर तुले माझी शपथ आहे."

मामी काय काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शपथ ती शपथ. त्यांनी पेटीतली हळद काढली, जखमेत दाबून भरली, वर चिंधी बांधली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी रविताने मामांना स्वयंपाकघरापर्यंत चालत येताना पाहिलं आणि कप खाली ठेवला. दिवसभर म्हाताऱ्या माणसांची चाल पाहणारी बाई ती, तिच्यापासून काय लपणार! "मामाजी, लंगडून राहिले तुम्ही. बूट काढा, पाहू द्या."

"थोडा चावला आहे बूट. चावनारच, नवा आहे."

"पाहू द्या म्हटलं ना."

मामांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "बाई, दुसरं काही सांग. हे नाई."

"मग डॉक्टरला दाखवू. मी हात लावणार नाही. चला."

"एवढ्याशा चावण्याले डॉक्टर? गावी हसतील. तू एवढी सुट्टी घेतली, चित्राच्या म्युझियमची तिकिटं काढली. मी तयार आहे." आणि खरोखर बूट चढवून दारात जाऊन उभे राहिले, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखे.

रविताचा आवाज चढला. मामांशी ती जन्मात अशी बोलली नव्हती. "रोज मी अनोळखी म्हाताऱ्यांचे पाय धुते, मामाजी. नखं कापते, मलम लावते. त्यांची पोरं वर्षात एकदा फुलं घेऊन येतात. अन् माझा मामा माझ्या घरात लंगडतो तर मला हात लावायचा नाही?"

"ते तुझं काम आहे, बाई. मी मामा आहे."

शेवटी निघाले सगळे. ट्राममध्ये रविता खिडकीबाहेर पाहत बसली. लोकेंद्र दोघांच्या मध्ये बसून दोघांशीही गोड बोलायचा प्रयत्न करत होता, कोणी त्याला दाद देईना. मामांना फार वाईट वाटत होतं. भाची रुसली म्हणजे देवी कोपली. पण पाय दाखवला तर तिच्याकडून पाप घडवलं असं होणार. इकडे आड, तिकडे विहीर. बुटात काहीतरी चिकट लागत होतं तेही कळत होतं.

चित्रांचं म्युझियम म्हणजे राजवाडाच. संगमरवरी जिना पाहूनच मामांच्या काळजाचं पाणी झालं, पण कठड्याला धरून चढले. एक दालन झालं, दुसरं झालं. राजे, राण्या, फळांच्या परड्या, मेलेले ससे. तिसऱ्या दालनाच्या मधोमध मखमली बाक होता. मामा त्यावर असे बसले की आता क्रेन लावल्याशिवाय उठायचे नाहीत. लोकेंद्र पाण्याच्या बाटलीसाठी खाली गेला. रविता थोडी लांब उभी होती, पाठमोरी.

रुक्मामामी हळूच तिच्याजवळ गेल्या. "रविता, मले यायनं शपथ घातली आहे. मी काही सांगनार नाई. पन तुझ्या मामाच्या मोज्यात हळद काऊन भरली आहे, ते तूच विचार."

रविता गर्रकन वळली. जखमेशिवाय मोज्यात हळद कोणी भरत नाही. ती चालत बाकापाशी आली, बोलायला तोंड उघडलं, आणि पाहते तर मामांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते समोरच्या चित्रात हरवले होते.

चित्र भिंतभर होतं. एका अंधाऱ्या खोलीत बरीच माणसं बसलेली. मध्ये एक दाढीवाला माणूस कमरेला पंचा बांधून गुडघ्यांवर बसला होता, पुढ्यात पाण्याचं घंगाळ, आणि तो एका म्हाताऱ्याचा पाय हातात धरून धूत होता.

मामा उजळले होते. बोट दाखवून म्हणाले, "पाह्य बाई! इकडं बी आहे आपल्यासारखं. हा मामा. अन् हे सारे बसले ते त्याचे भाचे."

एवढ्या काळजीतही रविताला हसू फुटलं. "मामाजी, ते येशू ख्रिस्त आहेत."

"मिशनवाल्यायचे?"

"हाव. अन् हे त्यांचे शिष्य. गुरूने शिष्यांचे पाय धुतले, ती गोष्ट आहे."

"मग एकच झालं ना! मोठ्यानं लहानाचे पाय धुवायचे. शहाना माणूस होता." मामांना फारच आनंद झाला. कोसमटोल्याचा नेम सातासमुद्रापार, सोन्याच्या चौकटीत. "जवाईबापूले सांगतो आता..." आणि ते बोलता बोलता थांबले.

चित्रातला म्हातारा नीट दिसला होता. ज्याचा पाय धरला होता तो. त्याने एक हात पुढे केला होता, नको नको म्हणत. मान एका बाजूला वळवलेली. ओठ आवळलेले. पाय मागे घ्यावासा वाटतोय आणि घेता येत नाही, असा सगळा देह अवघडलेला. देव पायाशी बसला म्हणून आनंद नव्हताच त्या चेहऱ्यावर. होती ती लाज आणि रडू, दोन्ही एकत्र.

मामा पाहतच राहिले. ते जन्मभर वाकत आले होते. वाकलेल्या माणसाला पाय दिसतात, नखं दिसतात, पैंजण दिसतात. वरचं तोंड कुठे दिसतं? पाटावर उभ्या केलेल्या त्या लहान पोरीचं तोंड त्या वेळी कसं झालं होतं, हे त्यांना आठवेना. आठवेना कसं, त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. बाजारात मैत्रिणींपुढे, लग्नाच्या मांडवात, परवा विमानतळावर. एकदाही नाही.

"बाई," ते चित्रावरची नजर न काढता म्हणाले, "मी तुझ्या पाया पडत होतो तवा तुले बी असंच होत होतं का? या म्हाताऱ्यासारखं?"

रविताही चित्रातल्या म्हाताऱ्याकडे पाहायला लागली. मग म्हणाली, "हाव."

"काऊन नाही सांगतलं?"

"कोणाला सांगू, मामाजी? देवीला कोण विचारतं? शेजारच्या पोरींना त्यांचे बाप कान धरून ओढत न्यायचे. मी पाहत राहायची. वाटायचं, मलाही कोणी असं ओढावं. तुम्ही माझ्यासाठी सगळं केलंत. पण मी तुमच्या घरात पाहुणीच राहिली. देवाला कोणी कुशीत घेत नाही." तिने डोळे पुसले. "आई आठवत नाही मला. बाप असून नाही. तुम्हीच आहात. अन् तुमचा पाय सडून राहिला असेल तर तुम्ही तो माझ्यापासून लपवता."

रुक्मामामींनी पदर तोंडात कोंबला. एवढ्या वर्षांची पुण्याई मामांनी कशी जमवली होती, आणि त्यातली दमडीही पोरीच्या कामी आली नाही, असं त्यांना वाटलं. परलोकाचं भय होतंच, ते काय एका चित्राने जातं? पण पुढ्यात पोर रडत उभी होती.

ते चित्रातल्या म्हाताऱ्याकडे पाहून एकदम खेकसले, आपल्या शेतगड्यावर खेकसावं तसे, "काऊन गा म्हाताऱ्या, कायले पाय मागं घेऊन राहिला? दे की पुढं!"

आणि त्यांनी आपला पाय पुढे केला.

रविता तिथेच, त्या चकचकीत लाकडी जमिनीवर, फतकल मारून बसली. नाड्या सोडल्या. बूट काढला, मोजा सोडवला, हळदीने पिवळी झालेली चिंधी उलगडली. मामांनी दोन्ही मुठींनी बाक धरून ठेवला होता. कोपऱ्यातली पहारेकरी बाई तरातरा आली. म्युझियममध्ये हे काय चाललंय! रविताने मान वर न करता तिला जर्मनमध्ये चार शब्द सांगितले. बाईने पायाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि आल्या पावली गेली. थोड्या वेळाने औषधाची पेटी घेऊन आली, आणि लोकांकडे तोंड करून, मामांकडे पाठ करून, आडोशासारखी उभी राहिली.

"हे बघा मामाजी, अजून वेळ गेलेली नाही," रविता म्हणाली. आवाज नर्सचा झाला होता, कोरडा आणि पक्का. "हाडापर्यंत गेलं नाही. आत्ता साफ करून पट्टी बांधते. इथून सरळ दवाखान्यात. हे बूट कचऱ्यात. अन् पुन्हा माझ्यापासून काही लपवलंत ना, तर बघा."

"हाव बाई."

"बाई नाही म्हणायचं."

ती जखम पुसत होती, बोटांच्या बेचक्या पुसत होती, टाच हाताच्या ओंजळीत धरून होती. त्या पायाला असं कोणी धरलं नव्हतं, कदाचित मामांची आई गेल्यापासून. पाप लागत असेल तर लागत होतं. आधी त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मग उघडले, आणि खाली पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते वर होते आणि भाची खाली. पहिल्यांदाच त्यांना तिची टाळू दिसली. भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस होते. एखाद-दुसरा नाही, चांगले मूठभर.

"अव!" मामांच्या तोंडून निघून गेलं. "रविता! तुले पांढरे केस आले व!"

"कधीचेच आलेत," ती खाली पाहतच म्हणाली. "तुम्हाला कुठे दिसणार."

मामांचा हात आपोआप उचलला गेला आणि वाटेतच थबकला. भाचीला आशीर्वाद द्यायचा नसतो, तिच्याकडून घ्यायचा असतो. कसा देतात, काय म्हणतात, तेसुद्धा त्यांना धड ठाऊक नव्हतं. त्यांनी रुक्माबाईंकडे पाहिलं. त्या रडत रडत रागावून म्हणाल्या, "ठेवा ना आता! का मी ठेवू तुमचा हात धरून?"

त्यांनी तो हात तिच्या डोक्यावर ठेवला. जड, घट्टे पडलेला हात. शब्द सुचेनात तेव्हा म्हणाले, "वाळून गेली माय तू. जेवत जा नीट."

तिचे खांदे हलायला लागले. पट्टी बांधता बांधता ती हुंदक्यातून म्हणाली, "पाय हलवू नका, मामाजी."

मामांनी पाय हलवला नाही, आणि हातही काढला नाही.